खोडलेल्या नावाचा खेळाडू

सासूबाईंनी लहान घरात राहायला जायचं ठरवलं, तेव्हा त्यांचं केलर, म्हणजे तळघर, उपसायचं काम माझ्या गळ्यात पडलं. माझा नवरा त्यांचा एकुलता एक मुलगा, पण त्याला धुळीची ॲलर्जी आहे. निदान काम निघालं की तरी असतेच. इथे रेगेन्सबर्गला जुन्या इमारतींच्या तळघरात प्रत्येक बिऱ्हाडाला फळ्या ठोकलेली एक खोली मिळते आणि माणसं चाळीस-चाळीस वर्षं तिच्यात सामान कोंबत राहतात. वर घर आरशासारखं लख्ख आणि खाली हा पसारा! पहिल्या दिवशी दार उघडलं आणि मी हात टेकले.

सासूबाई जर्मन, इथल्याच. पहिल्याच भेटीत त्या मला म्हणाल्या होत्या, "मला नावानं हाक मार." सासूला नावानं? मी पुण्याची, माझी जीभच रेटेना. मग वर्षभर मी त्यांना कुठलीच हाक न मारता दिवस काढले. म्हणजे समोर जाऊन उभं राहायचं आणि खाकरायचं. एकदा घाईत तोंडातून "अहो आई" निघून गेलं. त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितला. त्या म्हणाल्या, "गेनाऊ, अगदी बरोबर. हेच चालू दे." तेव्हापासून त्या आई. आता तर मला फोन केला की स्वतःच सांगतात, "हीअर इस्ट आई," म्हणजे मी आई बोलतेय.

तर आम्ही दोघी केलरमध्ये. तिसऱ्या दिवशी नाताळच्या बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला. आत शर्टाची बटणं, शाळेचं प्रगतिपुस्तक आणि तळाशी एक कार्ड. खेळायच्या पत्त्यापेक्षा जरा लहान, जाड कागदाचं. त्यावर टोपी घातलेल्या, खांद्यावर बेसबॉलची बॅट टेकवलेल्या एका तरुण माणसाचं रंगीत चित्र. खाली इंग्रजीत नाव छापलेलं, पण निळ्या शाईच्या चारपाच आडव्या रेघांनी खोडून टाकलेलं.

"ते टाक," आई म्हणाल्या.

"का? छान आहे की."

"टाक म्हटलं ना."

त्यांचा आवाज असा कधी लागत नाही. मी हो म्हटलं आणि त्यांची पाठ वळताच कार्ड पर्समध्ये घातलं. काय करणार, टाकणं आमच्या रक्तातच नाही. आम्ही कॅरीबॅगेत कॅरीबॅगा भरून ठेवणारी माणसं. शिवाय लहानपणी च्युइंगमच्या पाकिटातून क्रिकेटपटूंची कार्डं निघायची, ती जमवण्यासाठी मी शाळेचे अख्खे डबे लोकांना खाऊ घातलेत. असलं कार्ड बघून माझे हात शिवशिवले नसते तरच नवल.

मी इथल्या गाड्यांच्या कारखान्यात मोजमाप विभागात आहे. गाडीचा कुठलाही भाग आमच्या टेबलावर येतो, आम्ही तो केसाच्याही बारीक भागापर्यंत मोजतो आणि पास की नापास ते सांगतो. माझ्या शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ निवृत्तीला आलेले, अस्सल बवेरियन. दिवसाला दहा वाक्यं बोलतात, त्यातली चार हवामानाबद्दल. पण त्यांना एकच वेड आहे, बेसबॉलची जुनी कार्डं. दुसऱ्या महायुद्धानंतर या भागात अमेरिकन सैन्याच्या छावण्या होत्या. सैनिक गेले, खेळ मागे राहिला. गावात अजून बेसबॉलचं मैदान आहे आणि हे गृहस्थ रविवारी तिथेच असतात.

सोमवारी मी कार्ड त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी नुसतं वाकून पाहिलं आणि उठून निघून गेले. मला वाटलं, रागावले की काय! तर ते हात धुऊन आले. कोरडे करून, बोटं हवेत धरून. कार्ड फक्त कडांवर पकडून दिव्याखाली तिरपं केलं आणि शाईखालचं नाव अक्षर अक्षर वाचलं. मग इतक्या हळू आवाजात "वाह्नझिन", म्हणजे अफाट, म्हणाले, की देवळात आहोत असंच वाटावं.

ते नाव म्हणजे त्या काळातला मोठा खेळाडू. त्याचं या मालिकेतलं स्वच्छ कार्ड अमेरिकेतल्या लिलावात एका नव्याकोऱ्या गाडीच्या किमतीला जातं, असं त्यांनी सांगितलं. शाईनं नाव खोडलंय, त्यामुळे भाव बराच पडणार. तरीही मी जेवढी कल्पना करतेय त्याच्या कितीतरी वर. बाप रे! तीन इंची कागदाचा तुकडा! च्युइंगमबरोबर फुकट दिलेला! मी त्या दिवशी जेवताना पर्स मांडीवर घेऊन बसले.

आता आमच्या मोजमापाच्या खोलीचा एक नियम आहे. भागाला बांधलेली चिठ्ठी आधी वाचायची नाही. आधी भाग मोजायचा, मग चिठ्ठी बघायची. कारण नाव वाचलं की डोळे तेच बघायला लागतात. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतो आम्ही. आणि त्या सोमवारी आम्ही दोघंही, मिळून पन्नासेक वर्षांचा अनुभव असलेले, आधी चिठ्ठी वाचून मोकळे झालो.

रविवारी मी आईंकडे कॉफीला गेले. दोन वाजता कॉफी, केक आणि मग बरोबर तीनला त्या चार गल्ल्या पलीकडच्या वृद्धाश्रमात स्वतःच्या आईला भेटायला जातात. आजी ब्याण्णव वर्षांच्या आहेत, कान-डोळे शाबूत, गुडघे तेवढे गेलेले. आई एक रविवार चुकवत नाहीत. पण त्या दोघींचं बोलणं ऐकलं की मला वाटायचं, बँकेतले दोन कारकून बोलतायत. जेवलीस का, औषध घेतलंस का, खिडकी लावू का. एक तासानं कोट घालायचा आणि परत. मी नवऱ्याला एकदा विचारलंही होतं, की या दोघींचं काही बिनसलंय का? तो म्हणाला, पहिल्यापासून असंच आहे.

त्या रविवारी मी कॉफी संपायच्या आधीच कार्ड टेबलावर ठेवलं आणि किमतीचं सगळं धडाधडा सांगून टाकलं. मला वाटलं होतं, त्या खूश होतील. कप्पाळ माझं. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"मी टाक म्हणाले होते."

"अहो आई, पण एवढी किंमत..."

"ते माझ्या आईनं सांगितलेलं खोटं आहे," त्या म्हणाल्या. "ते कार्ड."

मग त्यांनी जे सांगितलं ते चौदा वर्षांत मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांचा बाप अमेरिकन सैनिक होता. एवढं गावालाही माहीत होतं, आणि गावानं ते त्यांना विसरू दिलं नव्हतं. शाळेत मुलं काय काय म्हणायची ते त्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तो सैनिक त्यांच्या जन्माआधीच दुसरीकडे पाठवला गेला आणि त्याची पत्रं थांबली. आई सहा वर्षांच्या असताना आजींनी त्यांच्या हातात हे कार्ड दिलं आणि म्हणाल्या, "हे तुझे वडील. नाव त्यांचं नाही, पण चेहरा त्यांचा आहे."

सहा वर्षांच्या पोरीला काय कळणार? ती कार्ड उशाखाली घेऊन झोपायची. पण अकराव्या वर्षी शाळेत इंग्रजी आलं, तिनं उजेडात धरून शाईखालचं नाव वाचलं आणि छावणीच्या फाटकाशी जाऊन तिथल्या सैनिकाला विचारलं, हा माझा बाप आहे, हा कोण? तो खो खो हसला. म्हणाला, हा आमच्याकडचा मोठा खेळाडू, हा कधी जर्मनीत पाऊलही ठेवणार नाही. हा तुझा बाप असता तर तू इथे कशाला उभी असतीस?

"मी घरी आले," आई म्हणाल्या. "कार्ड टेबलावर आपटलं. म्हटलं, नाव तूच खोडलंस, मी वाचू नये म्हणून. ती तेच वाक्य पुन्हा म्हणाली. नाव त्यांचं नाही, चेहरा त्यांचा आहे. शब्दही बदलला नाही. मी दार लावून घेतलं. त्यानंतर आम्ही या विषयावर एक अक्षर बोललेलो नाही."

साठ वर्षं! माझं मराठी डोकं चालेना. आमच्या घरात कोणी साठ मिनिटं असं गप्प बसलं असतं तर मावशीनं फोन करून आख्खं खानदान गोळा केलं असतं. मला रागच आला. कोणावर ते कळेना, पण आला. एका पोरीनं स्वतःचा बाप म्हणून एका तिऱ्हाईत खेळाडूला पाच वर्षं उशाशी घ्यावं, यापेक्षा वाईट काय असेल?

"विक ते," आई उठत म्हणाल्या. "पैसे नातीच्या नावावर टाक. निदान कोणाच्या तरी उपयोगी पडू दे." आणि कोट घालून त्याच आईला भेटायला गेल्या, कारण तीन वाजले होते.

शेजारच्या गृहस्थांनी अमेरिकेतल्या लिलाववाल्यांना पाठवायला कार्डाचे फोटो काढले. दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला स्क्रीनसमोर बसवलं. चेहरा लांबट झालेला.

"आल्झो," ते म्हणाले, "हा तो नाही."

"म्हणजे? नकली आहे?"

"कार्ड खरं आहे. माणूस दुसरा आहे."

आणि मग त्या अबोल माणसानं जे दाखवलं, ते बघताना मी सँडविच खायला विसरले. तो मोठा खेळाडू उजव्या हाताचा, आणि कार्डावरच्या माणसाची बॅट डाव्या खांद्यावर. मी म्हटलं, चित्र उलटं छापलं असेल. तेही त्यांनी तपासलं होतं. उलटं छापलं असतं तर शर्टाची बटणपट्टीही उलटी पडली असती, ती सरळ होती. मग त्यांनी त्या खेळाडूचे वेगवेगळ्या वयांतले दहा फोटो ओळीनं लावले आणि म्हणाले, "नाक-डोळ्यांकडे बघू नको, फसशील. कान बघ." कानाची घडण म्हणे आयुष्यभर बदलत नाही. जुन्या खेळाडूंची ओळख पटवणारे लोक जगभर कानच बघत बसलेले असतात. दहाही फोटोंत त्या खेळाडूच्या कानाची पाळी मोकळी लोंबणारी. कार्डावरच्या माणसाला पाळीच नाही, कान थेट गालाला चिकटलेला. आणि वरच्या कडेवर आतल्या बाजूनं तुरीच्या डाळीएवढा एक उंचवटा.

अगं बाई गं! मी खुर्चीतून अर्धी उठले.

तो कान मी ओळखत होते. आमच्या मुलीचे कान टोचायचे म्हटल्यावर इथे सगळ्यांनी नाकं मुरडली होती. एवढ्याशा बाळाला सुई? म्हणून पुण्याला गेले तेव्हा आमच्या नेहमीच्या सोनारकाकांकडे नेली. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि वैतागून म्हणाले, "ताई, या कानाला पाळीच नाही, टोचू कुठे?" शेवटी कसंबसं टोचलं. वरच्या कडेचा उंचवटा बघून माझी आई म्हणाली, हे आपल्याकडचं नव्हे. नव्हतंच. नवऱ्याचा कान तसाच, आणि सासूबाईंचाही तंतोतंत तसाच.

मी मोजमापवाली बाई आहे. चिकटलेल्या पाळ्या लाखो लोकांना असतात, मला माहीत आहे. कारखान्यात एवढ्या पुराव्यावर मी कुठलाही भाग पास केला नसता. पण माझ्या अंगावर सरसरून काटा आला तो आला. नाव त्यांचं नाही, चेहरा त्यांचा आहे. हे वाक्य खोटं बोलणाऱ्या बाईचं नव्हतंच. ते अगदी काटेकोर खरं होतं, आमच्या खोलीत भिंतीवर लावावं इतकं. एका बाईनं दोन्ही वेळा शब्दही न बदलता खरं सांगितलं होतं, आणि साठ वर्षं सगळं जग चिठ्ठी वाचत बसलं होतं.

लिलाववाल्यांचं उत्तर आठवड्यानं आलं. सभ्य, मुद्देसूद. या मालिकेत काही कार्डांवर भलत्याच खेळाडूचं चित्र छापलं गेलं होतं, ही चूक जाणकारांना ठाऊक आहे. चित्रातला माणूस बहुधा एखाद्या दुय्यम संघातला कोणी होता, जो पुढे सैन्यात भरती झाला असावा. त्याची ओळख पटवायचा अनेकांनी अनेक वर्षं प्रयत्न केला, पण संघाच्या नोंदी उरलेल्या नाहीत. शाईमुळे या प्रतीला विशेष किंमत येणार नाही. आणि खाली एक ओळ: चित्रातल्या माणसाबद्दल आपल्याला कधी काही समजलं, तर कृपया आम्हाला कळवा.

मी ते पत्र तीनदा वाचलं. एवढी विद्वान माणसं! बटणं बघतात, कान बघतात, टोपीची शिवण मोजतात. एका अनोळखी पोरासाठी वर्षानुवर्षं कागद चाळतात. मला त्यांना मनापासून नमस्कार करावासा वाटला.

रविवारी आईंकडे गेले तेव्हा या खेपेला मी घाई केली नाही. म्हणजे, माझ्या मानानं केली नाही. केक संपू दिला. मग त्यांना बाहेरच्या आरशासमोर उभं केलं, केस कानामागे सारले आणि कार्ड गालाशी धरलं.

"काय करतेस?"

"कान बघा, आई. फक्त कान."

त्यांनी पाहिलं. मग चष्मा लावून पाहिलं. मी सगळं सांगितलं, डाव्या खांद्यापासून पत्रातल्या शेवटच्या ओळीपर्यंत. ऐकताना त्यांचं एक बोट स्वतःच्या कानाच्या वरच्या कडेवर फिरत होतं, पुढे-मागे, पुढे-मागे. मला वाटलं, आता रडतील. त्या म्हणाल्या, "किती वाजले?"

"अडीच."

"चल. आज लवकर जाऊ."

आजी खिडकीपाशी खुर्चीत होत्या, गुडघ्यांवर शाल. लवकर आलेलं बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिथे वेळेच्या आधी येणं म्हणजे काहीतरी वाईट बातमी. आई त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. मी दाराशीच थांबले. माझी जागा नव्हती ती, पण पाय निघेना.

आईंनी कार्ड आजींच्या मांडीवर ठेवलं.

"हा तोच आहे," त्या म्हणाल्या. "तू खरं सांगत होतीस. मी अकरा वर्षांची होते, मला कळलं नाही. आणि पुढे मोठी झाले तरी... माझं चुकलं, ममा."

आजींनी कार्ड उचललं.

"दोनदा सांगितलं होतं तुला," आजी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

"नाव कोणी खोडलं मग?"

"त्यानंच. माझ्याच पेनानं. केवढा हसत होता! म्हणे, आयुष्यात एकदा माझं चित्र छापलं आणि ते या बड्या माणसाच्या नावावर गेलं. वर स्वतःचं नाव लिहायला निघाला होता, पण जागाच उरली नव्हती."

आई जरा हसल्या. मग थांबल्या. मला दिसलं की त्यांना आत्ता, या क्षणी काहीतरी लक्षात आलंय, आणि माझ्याही तेव्हाच लक्षात आलं. अमेरिकेतली ती सगळी जाणकार माणसं, ते कागद, त्या याद्या. आणि इथे, चार गल्ल्यांवर, ज्या बाईला दर रविवारी विचारलं जायचं की खिडकी लावू का...

"मग तुला त्याचं नाव माहीत आहे," आई म्हणाल्या.

आजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू इतका साधा प्रश्न कोणी विचारतं का.

"माहीत नसायला काय झालं? वर्षभर आम्ही रोज भेटायचो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू दार आपटून गेलीस. जिला माझं सगळंच खोटं वाटतं, तिला आणखी एक नाव सांगून काय होणार होतं? म्हटलं, विचारेल तेव्हा सांगू." आजी शालीची कड सारखी करत राहिल्या. "तू विचारलंच नाहीस."

बाहेर कॉरिडॉरमध्ये कॉफीची गाडी खडखडत गेली.

"आता विचारते," आई म्हणाल्या. एकाहत्तर वर्षांच्या बाईचा आवाज इतका लहान होतो हे मला माहीत नव्हतं. "माझ्या वडिलांचं नाव काय?"

आजींनी सांगितलं. नाव, आडनाव, त्याच्या गावाचं नाव, आणि त्याला घरी काय म्हणायचे तेही. ते मी इथे लिहिणार नाही. लिलाववाल्यांनाही मी अजून कळवलेलं नाही. कळवायचं का, ते आई ठरवतील.

आईंनी ते नाव म्हणून पाहिलं. चुकलं. त्यांचे जर्मन ओठ मध्येच अडखळले. आजींनी मान हलवली आणि पुन्हा म्हणून दाखवलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. आईंनी पुन्हा म्हटलं. अजून जरा चुकलं. आजी पुढे झुकल्या, त्यांनी आईंच्या हनुवटीला दोन बोटं लावली आणि तिसऱ्यांदा दोघी एकदमच म्हणाल्या.

"हं," आजी म्हणाल्या. "असं."